पोहता येतं? होय / नाही

येत्या गुरुवारी निघतोय. नागपूरहून रेल्वेने चेन्नई, चेन्नईहून विमानाने पोर्ट ब्लेअर (२०२४ च्या सप्टेंबरपासून त्याचं सरकारी नाव श्री विजय पुरम, पण आमच्या तिकीट एजंटपासून आईपर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात), तिथून बोटीने सात-आठ तासांवर लिटल अंदमानचं हट बे, आणि तिथून पुढे लहान बोटीने एका कॅम्पवर. सहा आठवडे मुक्काम. काम काय, तर रात्री पुळणीवर चालायचं आणि अंडी घालायला येणाऱ्या समुद्री कासवांची नोंद ठेवायची. पगार नाही. जाण्यायेण्याचा खर्चही आपलाच.

ऑफिसात ही बातमी फुटल्यापासून मला काही कमी ऐकावं लागलेलं नाही. "ऑनसाइट ऑनसाइट करून राहिला होता ना बे, हे घे ऑनसाइट," इति शेजारच्या क्युबिकलमधला मित्र. मॅनेजर बिनपगारी रजेच्या अर्जावर सही करता करता म्हणाला, "स्वखुशीने काळ्या पाण्यावर जाणारा माझ्या टीममधला तू पहिलाच."

गंमत सोडा. पण त्याच ऑफिसातल्या चार-पाच जणांनी नंतर एकेकट्याने गाठून विचारलं, की असं जायचं असेल तर तयारी काय करावी लागते? मी एकाला बॅगेबद्दल सांगितलं, एकाला पैशांबद्दल, एकीला रजेबद्दल. सगळं खरंच होतं. फक्त मुख्य गोष्ट कुणालाच सांगितली नाही. ती आज लिहितो. जरा लांबेल. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

मी पक्का कोरड्या जमिनीवरचा माणूस. झिरो माइलपासून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा आणि नळाचं. त्यातून आमचं घर आणखी कोरडं. समोरच्या खोलीत माझ्या काकांचा फोटो आहे. बाबांचा धाकटा भाऊ. माझ्या जन्माच्या आधी, सतरा वर्षांचा असताना, मित्रांबरोबर पोहायला म्हणून कन्हानला गेला आणि नदीतच राहिला. त्यानंतर आमच्याकडे कुणी पोहायला शिकलं नाही. मनाई वगैरे नव्हती, तो विषयच निघत नसे. शाळेची सहल रामटेकला निघाली तरी आई आदल्या रात्री डबा भरता भरता विचारायची, "खिंडसीच्या पाण्यात नाही ना उतरवणार तुम्हाला?"

तर असा मी, दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, नाना फडणविसांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पुण्या-मुंबईची मंडळी दोरीच्या मागे उभी राहून पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. मीही बघितली. तळहातावर मावेल एवढं पिल्लू, वाळूतल्या माणसाच्या पावलाच्या खड्ड्यात पडतं, वर येतं, परत पडतं. लाटेने मागे फेकलं तरी परत तिकडेच. माझ्यासारख्या दिवसभर लॉग फाइल्स वाचणाऱ्या माणसाला त्या दहा मिनिटांनी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. असो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातल्या एका कासवमित्राच्या मागे लागून त्याच्याबरोबर गस्तीला गेलो. तो अनवाणी. मी पायात चार हजारांचे रनिंग शूज घातलेला. अर्ध्या किलोमीटरमध्ये दोन्ही शूजमध्ये मिळून पावशेर वाळू! पुढे एक ओढा समुद्राला मिळत होता, त्यात भरतीचं पाणी शिरलेलं. तो सरळ पाण्यात उतरून पलीकडे गेला. पाणी त्याच्या मांडीपर्यंत. मागे वळून म्हणाला, "या हो, काय नाय." मी काठावर उभा. पाय हलेना. "शूज भिजतील," असं काहीतरी बोललो.

तो माणूस हसला नाही. पलीकडच्या काठावर उकिडवा बसला आणि तिथूनच मोठ्याने मला हिशेब शिकवायला लागला. आजची तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. "आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला पूर्ण भरती होती, आता पाच वाजलेत. बसा तासभर, वाट मोकळी होते." तासाभराने खरंच वाट मोकळी झाली. मी घोटाभर पाण्यातून पलीकडे गेलो. त्या दिवशी गस्तीला उशीर झाला तो माझ्यामुळे, हे मला त्या वेळी जाणवलंही नाही. मला आपलं तिथीचं गणित शिकल्याचाच आनंद!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंदमानच्या कॅम्पसाठी अर्ज भरला. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, आणि इथे वाचून कुणी भलत्याच अपेक्षेने जायला नको. फॉर्म साधा होता. वय, शिक्षण, आजार, कुठली औषधं चालू आहेत. वाळूत रात्री आठ-दहा किलोमीटर चालू शकता का? होय. साप, विंचू, अंधार, एकटेपणा याची भीती? नाही. पोहता येतं? होय / नाही.

मी 'होय' वर टिक केलं.

का केलं? रिझ्युमेत आपण जे करतो तेच. 'जावाचं उत्तम ज्ञान' असं लिहून मुलाखतीच्या आदल्या रात्री पुस्तक उघडायचं. जायला पाच महिने आहेत, तोवर शिकून घेऊ. आणि किनाऱ्यावर तर चालायचंय, पोहायचं कशाला?

सप्टेंबरमध्ये तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला. निवड झाली होती. त्यांनी सहज म्हणून पोहोचायचं कसं ते सांगितलं. तिकडच्या लहान बोटीला डुंगी म्हणतात. कॅम्पच्या किनाऱ्यावर जेट्टी नाही. डुंगी वाळूला लागत नाही, लाटांच्या मागे थांबते. लाट बघून उतरायचं, सामान डोक्यावर घ्यायचं, पाणी कधी कमरेला कधी छातीला. "एवढंच, बाकी काही अवघड नाही," त्या म्हणाल्या. मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठवडाभर झोपेत मला तो ओढा दिसत होता. एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरली. उद्या डुंगीतून उतरताना मी घाबरलो, तर मला धरायला कुणीतरी पाण्यात उतरणार. लाटेत बोट सांभाळणारा एक, सामान उतरवणारा एक, आणि तिसरा माझ्यामागे. हट बेला जे काही वैद्यकीय आहे ते बोटीने काही तासांवर. म्हणजे माझी एक टिक तीन माणसांच्या जिवाशी खेळणार होती. काकांना वाचवायला पाण्यात उतरलेला त्यांचा एक मित्रही त्या दिवशी जेमतेम वाचला होता, हे मला आजीकडून माहीत होतं. माहीत असून मी टिक केली होती.

मेल लिहिला. चार ओळींचा मेल लिहायला दोन तास लागले. उत्तर तीन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार. या सीझनला तुमच्याऐवजी प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला पाठवतो. पोहायला शिका आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

बस. रागावणं नाही, समजावणं नाही. एक वर्ष गेलं.

माझ्या जागी कोल्हापूरची एक मुलगी गेली. परत आल्यावर तिचा नंबर मिळवून फोन केला. मनात थोडी असूयाही होती, खोटं कशाला बोलू. पण तिने मोकळेपणाने तासभर सांगितलं, आणि पुढे दर महिन्याला माझे प्रश्न ऐकून घेतले. माझी निम्मी तयारी तिच्या अनुभवावर उभी आहे.

तिचं पहिलं वाक्य: "पहिले अकरा दिवस मला एकही कासव दिसलं नाही." रोज रात्री चालायचं, रोज कोरडी वही. ज्याला हे चालणार नाही त्याने वेळासला जाऊन दोरीमागून बघावं, ते जास्त चांगलं. (हे मलाच होतं बहुधा.)

आम्ही ज्यांच्यासाठी जातोय ते लेदरबॅक, जगातलं सगळ्यात मोठं कासव. पाठीला कठीण कवच नसतं, चामड्यासारखी कातडी असते, म्हणून ते नाव. वजन तीनशे ते पाचशे किलो, म्हणजे आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकटंच मावेल. भारतात त्याची अंडी घालायची जागा उरलीय ती मुख्यतः अंदमान-निकोबारातच. मादी रात्री येते, पाऊण मीटर खोल खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालून परत जाते, आणि दहा-एक दिवसांनी पुन्हा येते. एका सीझनमध्ये अशी चार-सहा वेळा. खाद्य जेलीफिश. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी तिला जेलीफिशच वाटते. लिटल अंदमानहून उपग्रहाचे टॅग लावून सोडलेल्या माद्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाकडे गेल्या, काही पार आफ्रिकेच्या बाजूला. आणि आपण नागपूरहून पुण्याला जायचं तर स्लीपर बस की एसी थ्री-टियर यावर दोन दिवस घालवतो!

पांढरा उजेड बघितला की ती अंडी न घालता माघारी फिरू शकते, आणि पिल्लंही उजेडाकडे भरकटतात. म्हणून लाल दिवा. महागडे हेडटॉर्च मिळतात, पण मी सीताबर्डीवरून लाल जिलेटिन पेपर आणून साध्या हेडटॉर्चवर दोन घड्या करून रबरबँडने बसवलाय. मोबाइलचा फ्लॅश बंद नाही, मोबाइलच कॅम्पवर ठेवायचा.

इंजिनिअर असल्यामुळे मी अर्थातच अ‍ॅप करून द्यायची तयारी दाखवली होती. जीपीएस, ऑफलाइन सिंक, सगळं. कोऑर्डिनेटर मॅडमनी लिहिलं, पेन्सिल आणा. पेनाची शाई दमट हवेत पसरते, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, टचस्क्रीनला वाळू आणि खारं पाणी. पेन्सिल चालते. मी दोन डझन घेतल्यात, अप्सराच्या. आणि चार शार्पनर, कारण ते गंजतात.

कपड्यांबाबत कोल्हापूरकर मॅडमचा सल्ला: जीन्स विसर, जाड सुती टी-शर्ट विसर. तिथे वर्षाला आपल्या नागपूरच्या तिप्पट पाऊस, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस नसला तरी हवा दमट. सुती कपडा एकदा भिजला की तीन दिवस वाळत नाही, मग वास मारतो, मग जांघेत घोळ. पातळ नायलॉनचे, लांब बाह्यांचे, फिक्या रंगाचे तीन जोड पुरे. लांब बाह्या डासांसाठी, आणि डासांपेक्षा जास्त सँडफ्लाय म्हणून बारीक माश्या असतात त्यांच्यासाठी. त्या चावल्या की आठवडा-आठवडा खाजतं, खाजवलं की चिघळतं. त्यावर उपाय खोबरेल तेल. अंगाला चोपडलं की माशी चावण्याआधी तेलातच चिकटते. हे ऐकून आईला पहिल्यांदा या सगळ्या प्रकारात काहीतरी ओळखीचं सापडलं. तिने लगेच लिटरभर काढून ठेवलं.

डॉक्टरकडे जाऊन टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं आणि मलेरियाच्या गोळ्यांचं विचारून घेतलं. या गोळ्या मित्राने घेतल्या होत्या म्हणून आपण घेऊ नयेत, प्रत्येकाला चालतात असं नाही. फ्लूची लसही घेतली, आणि त्यामागचं कारण मला आधी माहीत नव्हतं. आमच्या किनाऱ्याकडे जाणारी वाट ओंगे लोकांच्या राखीव क्षेत्राला लागून आहे. ओंगे आता फारच थोडे उरलेत. हट बेपर्यंत भारतीय माणसाला परवाना लागत नाही, पण राखीव क्षेत्रात १९५६ च्या नियमावलीप्रमाणे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. आपली कागदपत्रं संस्थेकडे महिनोन् महिने आधी द्यावी लागतात ती त्यासाठी. कागद ठीक आहेत, पण खोकल्याचं काय? १८७७ साली गोवराची साथ आली तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांची वस्तीच्या वस्ती साफ झाली. बाहेरून आलेल्या माणसांनी आणलेली साथ. म्हणून नियम असा, की साधी सर्दी असली तरी हट बेला थांबायचं, बरं झाल्यावर पुढे. मी दोन दिवस जास्तीचे धरून ठेवलेत. बोटीच्या वेळा हवामानावर असतात, तेव्हा परतीच्या विमानाआधीही चार दिवस मोकळे. ज्याला सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगला हजर राहायचंय त्याने जाऊच नये.

बॅगेचं पहिलं वजन एकोणीस किलो भरलं. आईने भरली होती. :) चिवडा, तिळाची चटणी, मेतकूट, संत्री, आणि एका पुरचुंडीत मेथी, पालक, वाल आणि तुळशीचं बी. "तिथं सहा आठवडे नुसता भात-मासे खाऊन राहणार का? परसात टाक, महिन्यात मेथी निघते. मागून येणाऱ्यांनाही होईल." किती विचार केला होता तिने.

आणि नेमकं तेच नेता येत नाही. बेटावर बाहेरून आलेली गोष्ट काय करेल हे कुणालाच आधी माहीत नसतं. आईला पटेना, तेव्हा मी तिला चितळाचं सांगितलं. आपण ताडोब्याला, पेंचला पैसे भरून चितळं बघतो. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हौसेने ती अंदमानात नेऊन सोडली. तिथे ना वाघ, ना बिबट्या. ती वाढत गेली, बऱ्याच बेटांवर पसरली, आणि जंगलातली नवी रोपं वर येऊच देईनात. दुसऱ्या महायुद्धात बेटं जपान्यांच्या ताब्यात असताना आफ्रिकेतली मोठी गोगलगाय आली, ती आजही तिथल्या बागा खाते. आई ऐकत होती. मग म्हणाली, "चितळ वाईट नाही रे, नेणाऱ्याचं चुकलं." आणि पुरचुंडी उचलून परत फडताळात ठेवली. त्या संध्याकाळी मी ट्रेकचे जुने बूट घासून धुतले, शिवणीत अडकलेली कुसळं चिमट्याने काढली. नवेगावची असावीत.

संत्रीही गेली, कारण सालांनी मुंग्या आणि उंदीर येतात. चिवडा हवाबंद डब्यात अर्धा किलो. उरलेला ऑफिसात वाटला. शंख-शिंपले, प्रवाळ आणू का म्हणून बहिणीच्या मुलीने विचारलं होतं, तिला नाही म्हणून सांगितलं. वन्यजीव कायद्यात ते सगळं येतं. बॅग अकरा किलो दोनशेवर आली. अकरा किलो डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून चालता येतं, एकोणीस घेऊन नाही.

आता पोहण्याचं. एप्रिलमध्ये उत्तर अंबाझरी रोडवरच्या तलावात नाव घातलं. वय एकोणतीस, बॅचमध्ये बाकी सगळे सात-आठ वर्षांचे. कोच मला "ओ इंजिनिअर" म्हणायचा. पहिले चार दिवस नुसतं कठडा धरून पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायचे. एक चिंगी माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "काका, नाकात पाणी गेलं की रडायचं नाही." पाचव्या दिवशी कोचने कठडा सोडायला लावला आणि माझ्या छातीत जे धडधडलं... पाणी चार फूट होतं. मी उभा राहू शकत होतो. तरी सुचलं नाही.

घरी सांगितलं होतं की जिमला जातोय. आईला टॉवेलच्या वासावरून तिसऱ्या दिवशीच कळलं असणार, बोलली नाही. बाबांना कळलं की नाही याचा अंदाज येईना. जूनमध्ये एका सकाळी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "चष्मा घेतला का पोहण्याचा? क्लोरीन बाधते डोळ्यांना." त्या दिवशी मी तलावाची लांबी पहिल्यांदा न थांबता पार केली.

कोल्हापूरकर मॅडमला मोठ्या ऐटीत सांगितलं तर म्हणे, तलावाची लांबी समुद्रात कामाची नाही. कपडे घालून तरंगून दाखव. मग कोचच्या परवानगीने पँट-शर्ट घालून पाठीवर दहा मिनिटं तरंगायचं सुरू केलं. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झटापट करत यायचं नाही, दमून माणूस जातो. किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढीतून बाहेर पडलं की मग वळायचं. खाडीच्या तोंडाशी तर उतरायचंच नाही, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. ही वाक्यं मी इतक्यांदा म्हटलीत, की स्टँडअपमध्येही चुकून तोंडातून निघतील.

वाळूत चालायची सवय करायला दिवाळीनंतरच्या रविवारी कन्हानच्या काठाला जायला लागलो. दुसरी वाळू नागपुरात आणायची कुठून? तिसऱ्या रविवारी बाबा म्हणाले, मीही येतो. काठावर, गाडीतच बसले. नदीकडे पाठ करून. दीड तास पेपर वाचला, मी आलो तेव्हा थर्मासमधला चहा दिला. पुढच्या रविवारीही आले.

त्यांना जाण्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ते त्सुनामीबद्दल होतं. २६ डिसेंबर २००४. ग्रेट निकोबारच्या गलाथिया बेवर याच कासवांसाठी कॅम्प चालायचा. लाटेत तो गेला, तिथे काम करणारा एक तरुण संशोधक परत आला नाही. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली, अंडी घालायचे किनारे पाण्याखाली गेले. काही वर्षांनी वाळू पुन्हा साठली आणि कासवं परत आली. मी हे बाबांपासून लपवलं नाही. कॅम्पचा नियमही सांगितला: जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, की इशाऱ्याची, फोनची, वहीची वाट बघायची नाही, उंचावर पळायचं. वाट दिवसा चालून पाठ करून ठेवायची. हट बेला आता इंटरनेट आहे, २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल गेली. पण कॅम्पवर रेंज नाही. रसद आणायला बोट हट बेला जाईल तेव्हाच फोन. बाबांना बीपी आहे. गोळ्यांचं कॅलेंडर फ्रिजवर लावलंय, शेजारच्या भाऊंना डॉक्टरांचा नंबर दिलाय. जास्तीचं काही मला सुचलं नाही.

बाबा निवृत्त हिशेबनीस. वेळासचं तिथीचं गणित मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. डिसेंबरात एकदा बघतो तर पंचांग, कॅल्क्युलेटर आणि त्यांची जुनी लांब खातेवही घेऊन बसलेले. पाऊणने गुणून माझ्या बेचाळीस दिवसांच्या भरतीच्या वेळा काढल्या होत्या. मग मला नेटवर अंदमानचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून मागितलं. जुळेना. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी, कोकणचा पाऊण तिकडे तसाच लागू पडत नाही. त्यांनी सगळं खोडलं आणि कोष्टकावरून पुन्हा उतरवलं. तारीख, तिथी, भरती, ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या ओळींना लाल रेघ आणि पुढे त्यांच्या बारीक अक्षरात: उधाण. रात्री पुळण अरुंद. वरच्या अंगाने चालणे.

"बाबा, हे तिथल्या लोकांना तोंडपाठ असतं." तिथल्या कॅम्पवरचे अनुभवी लोक कारेन आहेत. १९२५ च्या सुमारास ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणलेल्यांचे वंशज. समुद्र त्यांना आमच्या वर्धा रोडसारखा माहीत.

"असू दे," बाबा म्हणाले. रेघा मारून झाल्यावर वही मिटली. चष्मा काढला. "समुद्राचं बरं आहे. आधी सांगून येते पाणी. कन्हानला तसं नसते. इथं ऊन असते, अन् वर कुठंतरी पाऊस होऊन राहिला असते. आम्ही काठावर कपडे सांभाळत बसलो होतो, मी अन् अजून एक जण. पाणी वाढलं तेही कळलं नाही."

ते त्या दिवशी तिथे होते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

वही झिपलॉकच्या दोन पिशव्यांत घातलीय, पेन्सिलींच्या शेजारी. बॅग आता अकरा किलो सहाशे.